ठाण्याहून पुलियाला: इटलीच्या टाचेवरची नऊ रात्रींची समुद्रसहल

अलिबागला किंवा काशीदला निघताना आपण आधी भरती-ओहोटीची वेळ बघतो. पुलियात त्याची गरज नाही. तिथे भरती आणि ओहोटीतला फरक जेमतेम वीत-दीड वीत. तिथे रोज सकाळी बघायचा तो वारा. हा प्रदेश म्हणजे इटलीच्या बुटाची टाच. टाचेच्या एका अंगाला एड्रियाटिक समुद्र, दुसऱ्या अंगाला आयोनियन. वारा उत्तरेचा असला की एक समुद्र खवळतो आणि दुसरा तळ्यासारखा शांत पडलेला असतो. म्हणून इथली सहल ‘सोमवारी हा बीच, मंगळवारी तो बीच’ अशी ठाण्यात बसून ठरवता येत नाही. मुक्काम आधी ठरवायचे आणि समुद्र त्या त्या सकाळी निवडायचा. खाली दिलेली आखणी याच हिशोबाने केली आहे.

उच्चाराचं आधीच सांगून ठेवतो. स्पेलिंगमध्ये ‘जी’ आहे म्हणून आपल्याकडे ‘पुग्लिया’ म्हणतात. स्थानिक उच्चार ‘पुल्या’ असा आहे. तिकीट खिडकीवर तोच वापरा.

कधी जायचं

शाळेची मे महिन्याची सुट्टी चालते, पण पोहायला नव्हे. मेमध्ये हवा छान असते, बावीस-तेवीस अंशांच्या आसपास, गावं रिकामी असतात आणि खोल्या स्वस्त मिळतात. पाणी मात्र अठरा-एकोणीस अंशांचं असतं. आपल्या कोमट समुद्राची सवय असलेली मुलं गुडघाभर पाण्यातून परत फिरतात. जूनचा पहिला पंधरवडा हा शाळकरी मुलांच्या घरांसाठी सगळ्यात चांगला. पाणी बावीस अंशांकडे आलेलं असतं आणि आपली शाळाही अजून सुरू झालेली नसते.

मुलं बरोबर नसतील तर गणपती विसर्जनानंतरचा सप्टेंबर निवडा. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा तेवीस-चोवीस अंशांवर असतं. ऑगस्ट टाळाच. १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो हा सण असतो, अख्खी इटली त्या दिवसांत समुद्रावर येते, भाडी चढतात आणि चांगल्या जागा महिनोन्‌महिने आधी संपतात. दिवाळीच्या सुट्टीत गावं बघायला जा, समुद्रासाठी नको. तेव्हा किनाऱ्यावरच्या छत्र्या-खुर्च्या उचललेल्या असतात आणि पावसाला सुरुवात झालेली असते.

व्हिसा: इथे घाई चालत नाही

इटलीला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी व्हायलाच हवा. नियमाने निर्णयाला पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी अडचण असते. जूनला जायचं असेल तर फेब्रुवारीतच मुंबईच्या व्हीएफएस केंद्राची (व्हिसाचे अर्ज तिथे घेतात) तारीख बघायला लागा. फी प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत. बारा वर्षांखालच्या मुलांना ठशांतून सूट आहे.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दहा वर्षांच्या आतला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तो निघाल्या दिवसापासून परतण्याच्या दिवसापर्यंत सलग आहे ना, हे तारखा बोटावर मोजून तपासा. मध्यरात्रीनंतरचं विमान असलं की एका दिवसाची चूक इथेच होते.

अर्ज अडकतात ते बहुतेक साध्या कारणांनी. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम दोन-तीन लाख जमा झालेले दिसतात आणि ते कुठून आले याचा कागद जोडलेला नसतो. एफडी मोडली असेल तर तिची पावती लावा. हॉटेलच्या बुकिंगमध्ये एक रात्र मोकळी राहिलेली असते. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि बाकी कागदांवर सासरचं असतं. तिथे लग्नाचा दाखला जोडा. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र हवं. कव्हर लेटर एका पानाचं पुरतं: कोण जातंय, कोणत्या रात्री कोणत्या गावात, खर्च कोण करणार, परत येऊन कोणत्या नोकरीवर किंवा धंद्यावर रुजू होणार. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या आणि व्हिसा हातात आल्यावर पक्की करा.

पोहोचायचं कसं

पुलियात दोन मोठे विमानतळ आहेत, बारी आणि ब्रिंदिसी. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे बारी हा सुटसुटीत रस्ता. दुसरा रस्ता म्हणजे आखातातून रोम आणि तिथून रेल्वेने बारी. रोमच्या विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटांत नेते, तिकीट १४ युरो. तिथून वेगवान गाडीने बारीला साधारण चार तास. विमान उतरण्याची वेळ आणि रेल्वे यांत किमान चार तास ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटो नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे आणि पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो. रेल्वेची स्वस्तातली तिकिटं बदलून मिळत नाहीत, तेव्हा विमान रेंगाळलं तर ते पैसे गेले.

तिकीट काढताना निघण्याचा विमानतळ नीट वाचा. आता यादीत सहारचा ‘बीओएम’ आणि नवी मुंबईचा ‘एनएमआय’ असे दोन येतात. जातानाचा एक आणि येतानाचा दुसरा, असं नकळत होऊ शकतं. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी संध्याकाळचं विमान असेल तर घरातून पाच तास आधी निघावं. गायमुखपासून माजिवड्यापर्यंतचा वेळ कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

दोनच मुक्काम

नऊ रात्रींत दोन गावं घ्या: आधी मोनोपोलीत चार रात्री, मग लेच्चेत पाच. रोज बॅगा भरून नवं गाव गाठायची सवय इथे सुट्टी खाऊन टाकते. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस याच सहलीला शिवू नका. ती वेगळी सहल आहे.

मोनोपोली हे बारीच्या दक्षिणेचं मच्छीमार गाव आहे. जुन्या गावाला लागूनच बंदर आहे आणि स्टेशन चालत गाठता येतं. पोलिन्यानो आ मारे हे कड्यावरचं गाव रेल्वेने पाच-सात मिनिटांवर. ओस्तुनी हे चुन्याने पांढरं केलेलं टेकडीवरचं गाव अर्ध्या तासाच्या आत, फक्त तिथलं स्टेशन गावापासून तीन किलोमीटरवर आहे आणि पुढे बस घ्यावी लागते. आल्बेरोबेल्लोत त्रुल्ली म्हणजे शंकूच्या छपरांची दगडी घरं आहेत, साधारण दीड हजार. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून ही छपरं बांधलेली आहेत. १९९६ मध्ये त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. तिथे सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा. मधल्या वेळात बसभर माणसं उतरत असतात. रिओने मोन्ती हा भाग दुकानांचा आहे. समोरच्या आइया पिक्कोला या भागात अजून लोक राहतात, तिथली शांतता जपून फिरा.

मातेरा शेजारच्या बाझिलिकाता प्रदेशात येतं, पण बारीहून सोयीचं आहे. डोंगराच्या कपारीत कोरलेल्या घरांचं हे गाव १९९३ पासून जागतिक वारसा आहे. बारीहून गाडीला दीड-दोन तास लागतात. ही रेल्वे वेगळ्या कंपनीची आहे आणि तिचं स्टेशनही बारी चेंत्रालेच्या शेजारी पण वेगळं. रविवारी तिथे आणि आल्बेरोबेल्लोच्या मार्गावरही गाड्या फार कमी असतात किंवा त्यांच्याऐवजी बस धावते. म्हणून ही दोन्ही गावं आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवा.

लेच्चे टाचेच्या मधोमध येतं. बरोक शैलीतली चर्चं, मऊ पिवळसर दगडावरचं कोरीवकाम, रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर लोक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथून दोन्ही समुद्र तासाभराच्या आत.

वारा वाचायचा कसा

सकाळी उठल्याबरोबर हवामानाच्या ॲपवर वाऱ्याची दिशा बघा. उत्तरेचा असेल तर त्याला त्रामोन्ताना म्हणतात. त्या दिवशी एड्रियाटिककडच्या ओत्रांतोला लाटा उठतात, तेव्हा आयोनियन बाजू धरा: गल्लीपोली, पोर्तो चेझारेओ, पेस्कोलूझे. इकडे वाळूचे लांबलचक किनारे आहेत आणि पाणी बरंच आतपर्यंत कमरेएवढं. लहान मुलं आणि न पोहणारे आई-बाबा बरोबर असतील तर हाच किनारा. वारा दक्षिणेचा, म्हणजे शिरोक्को असेल तर उलट करा. तेव्हा आयोनियन गढूळ आणि हवा चिकट होते, एड्रियाटिकचं पाणी मात्र काचेसारखं. वाऱ्याचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आत असेल तर कुठेही जा.

मोनोपोलीच्या चार दिवसांत दुसरा समुद्र हाताशी नसतो. तिथे त्रामोन्ताना सुटला की आल्बेरोबेल्लो किंवा मातेरा त्या दिवसावर आणा आणि समुद्र पुढे ढकला. हे करता यावं म्हणून या गावांची कोणतीही आगाऊ तिकिटं काढून ठेवू नका.

एड्रियाटिक बाजूला बहुतेक खडक आहेत. पोलिन्यानोची प्रसिद्ध लामा मोनाकिले ही खाच सगळी गोट्यांची. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घेतल्याशिवाय उतरू नका, कारण गोटे निसरडे असतात आणि खडकांच्या कडेला काटेरी समुद्री साळिंदर असतात. त्यांचा काटा तळव्यात मोडला की सहलीचे दोन दिवस लंगडत जातात. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. पांढरा असेल तर ठीक.

किनारे दोन तऱ्हेचे असतात. ‘स्पियाज्जा लीबेरा’ म्हणजे मोकळा, फुकट. ‘लीदो’ म्हणजे छत्री-खुर्ची भाड्याने देणारा. एक छत्री आणि दोन आडव्या खुर्च्यांना दिवसाला साधारण २० ते ४० युरो पडतात. पाण्याजवळची ओळ महाग. वयस्कर माणसं असतील तर हे पैसे वाचवू नका. लीदोवर संडास, गोड्या पाण्याचा शॉवर आणि वाळूवरून चालायला लाकडी फळ्यांची वाट असते. तिथल्या उन्हाला आपण फसतो. हवा कोरडी असल्याने घाम जाणवत नाही आणि कातडी मात्र भाजते. एक ते चार सावलीतच राहा. त्या वेळात गावंही झोपलेली असतात, दुकानं पाचच्या सुमाराला उघडतात.

गाडी घ्यावी का

मोनोपोलीत नको, लेच्चेत हवी. लेच्चेहून दोन्ही किनाऱ्यांना उन्हाळ्यात ‘सालेन्तो इन बस’ची सेवा असते, पण वाऱ्याप्रमाणे बेत बदलायचा तर गाडीच लागते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना ठाणे, वाशी किंवा कल्याण आरटीओतून काढा: फॉर्म ४-ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. अर्ज परिवहनच्या साइटवर भरता येतो. मूळ लायसन्सही बरोबर हवं.

भाड्याच्या गाडीसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, अनामत त्यावर अडकवतात. डेबिट कार्डवर बऱ्याचदा काउंटरवरूनच परत पाठवतात. ऑटोमॅटिक गाडी मुद्दाम मागावी लागते. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवा, त्यात पुन्हा उजव्या हाताने गिअर, हे पहिल्या दिवशी जमवू नका. गाडीला आधीच असलेल्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढून ठेवा.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते ‘झेडटीएल’मुळे, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या भागामुळे. जुन्या गावांच्या वेशीवर लाल गोल पाटी आणि कॅमेरा असतो. परवानगीशिवाय आत शिरलात की दंड. तीन वेळा शिरलात तर तीन दंड. गाडीच्या कंपनीचा आकार आधी कार्डावर पडतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर येतं. जीपीएस बिनधास्त आतून नेतो, तेव्हा भरवसा पाटीवर ठेवा. हॉटेल जुन्या गावात असेल तर आधी विचारून घ्या, काही जण पोलिसांकडे गाडीचा नंबर नोंदवून देतात. पार्किंगला पांढरी रेघ फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव.

पंपावर ‘गाझोलिओ’ लिहिलेलं असतं ते डिझेल. नाव गॅसोलीनसारखं वाटतं म्हणून पेट्रोलच्या गाडीत तेच भरलं जातं आणि इंजिन बंद पडतं. पेट्रोल म्हणजे ‘बेन्झीना’. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते एकदा वाचा आणि मगच नळी उचला. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट लावणं सक्तीचं आहे.

रेल्वेबद्दल एकच: लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्या. तिकीट खिशात असूनही दंड होतो तो याच कारणाने.

शाकाहारी ताट

पुलिया शाकाहारी माणसाला उत्तर इटलीपेक्षा फार जवळचं आहे. इथला पास्ता रवा आणि पाण्याचा, बिनअंड्याचा. जुन्या बारीत, नॉर्मन किल्ल्यासमोरच्या आर्को बास्सोच्या गल्लीत बायका दारात पाट मांडून ओरेक्किएत्ते वळत बसलेल्या दिसतील. बोटाएवढी पिठाची वळकटी, तिचा नखाएवढा तुकडा, बोथट सुरीने तो पाटावर स्वतःकडे ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. झाला छोटा कान. लग्नघरी नखुल्या, मालत्या, गव्हले वळणारी आजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे हात लगेच ओळखीचे वाटतील. फक्त फोटो काढण्याआधी विचारा. ते त्यांचं घर आहे.

फावे ए चिकोरिया म्हणजे सुक्या पावट्यासारख्या फावा शेंगांच्या दाण्यांचं घट्ट वरण आणि बाजूला कडसर पालेभाजी. वर कच्चं ऑलिव्ह तेल. जेवल्यासारखं वाटतं ते याने. फोकाच्चा हा तेल घातलेला चपटा पाव, टोमॅटो-मोझ्झारेल्लाचा तळलेला पान्झेरोत्तो आणि पाण्यात बुडवून मऊ केलेल्या टोस्टवर टोमॅटो घातलेली फ्रिझेल्ला, हे दुपारचं खाणं.

आता धोक्याच्या जागा. ओरेक्किएत्तेबरोबर येणाऱ्या ‘चीमे दी रापा’ या भाजीत अँचोव्ही मासा विरघळवलेला असतो, तो दिसत नाही. लेच्चेच्या पास्तिच्चोत्तो या गोड पदार्थाच्या पारीत परंपरेने डुकराची चरबी असते. ताराल्ली या कडक कड्यांच्या पिठात पांढरी वाइन घालतात. पारमेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य असतं आणि बुर्राता या ताज्या चीजमध्येही बहुधा तेच. म्हणून नुसतं ‘वेजेतारियानो’ म्हणून थांबू नका. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्चूगे, सेन्झा स्त्रुत्तो’ म्हणा: मांस, मासा, अँचोव्ही, चरबी नको. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी मिळत नाही. लहान मुलांसाठी सहाला फोकाच्चा हाताशी ठेवा. बिलात माणशी एक-दोन युरो ‘कोपेर्तो’ दिसेल, तो बसण्याचा आकार, चूक नव्हे. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

घरून नेताना: युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, चीज घरीच ठेवा. हापूसची पेटीही नाही, फळांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. मेतकूट, भाजणी, चिवडा, सुक्या चटण्या चालतात. तांदूळही न्या, तिकडचा आर्बोरिओ वरणभाताला चिकट होतो.

पैसे, प्लग आणि परतीची बॅग

कार्ड मशीनवर ‘रुपये की युरो’ विचारलं की नेहमी युरो दाबा. रुपयांत तोच खर्च महाग पडतो. आपले दोन पिनांचे मोबाइल चार्जर बहुतेक बसतात. लॅपटॉपच्या तीन पिनांना अडॅप्टर लागतो. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, तेव्हा घरी फोन तिथल्या संध्याकाळी सहाच्या आत.

परतताना ऑलिव्ह तेल काचेच्या बाटलीत घेऊ नका. ‘लात्ता’ म्हणजे पत्र्याचा तीन किंवा पाच लिटरचा डबा मागा आणि त्यावर तोडणीचं वर्ष बघा. नवं तेल ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर येतं, म्हणजे जूनमध्ये आदल्या हिवाळ्याचं असायला हवं. हॅन्डबॅगेत १०० मिलीच्या वर बहुतेक विमानतळांवर चालत नाही. बूच टेपने घट्ट बांधा, डबा दोन प्लास्टिक पिशव्यांत घाला, कपड्यांच्या मधोमध ठेवा आणि बॅग हॉटेलातच तोलून घ्या. पाच लिटर तेलाचं वजन पत्र्यासकट पाच किलोच्या आसपास भरतं.